हात सैल सोड

माझी मावशी कासारीण होती. नीरेच्या काठावरच्या एका बाजाराच्या गावात, मारुतीच्या देवळामागच्या बोळात तिचं दुकान. तिन्ही भिंतींना लाकडी फळ्या, मधोमध सतरंजी, आढ्याला बांधलेल्या दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्यांच्या लडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुपारभर तिच्याशेजारी बसलेली असायचे. ऊन फळीवरून सरकायला लागलं की भिंतीवर रंग हलायचे, हिरवा, डाळिंबी, मोरपंखी. बाहेरून भट्टीतल्या शेंगदाण्यांचा वास यायचा. समोर बसलेल्या बाईचा हात मावशी आपल्या गुडघ्यावर घ्यायची, पेरं दाबून बघायची, अंगठा तळव्याकडे दुमडायची आणि म्हणायची, "हात सैल सोड." माप विचारायची तिला गरज पडत नसे. दोन-चार की दोन-सहा, ते तिच्या बोटांना कळायचं. हात सैल सुटला की बांगडी कधी मनगटावर जाऊन बसली ते बाईलाही समजत नाही. ताठ राहिला तर काच पिचते आणि रक्त दोघींचंही निघतं.

काही हात सैल सुटायचेच नाहीत.

मनगटाच्या वर चार बोटं आणि खाली अंगठा, असा निळा वळ. भर वैशाखात कोपरापर्यंत ओढून घेतलेला पदर. वाकडी जुळून आलेली करंगळी. पंधरवड्यापूर्वी भरलेला चुडा आणि आज हातात जेमतेम दोन बांगड्या. "धुणं धुताना पिचल्या." "गोठ्यात पाय घसरला." "चौकटीला हात लागला, मावशी." ही तिन्ही उत्तरं मी इतक्यांदा ऐकली होती की शेवटी शेवटी बाई बोलायच्या आधी ती मला ऐकू यायची. मावशी कुणाचंही उत्तर खोडून काढत नसे. बाई गेल्यावर मात्र हळूच सांगायची की दगडावर आपटली तर एखाददुसरी बांगडी पिचते, ओरखडा एका बाजूला येतो. हात पिरगाळला तर सगळ्या एकदम फुटतात, आणि रेघा मनगटाभोवती गोल उठतात.

सोबत सासू असली की मावशी माझ्याकडे वळायची. "आजींना जोडवी दाखव गं. सगळी दाखव, घाई करू नकोस." मी आपली उत्साहानं एकेक डबी उघडत बसायचे. तेवढ्या वेळात मावशी त्या सुनेच्या हातावर वाकून काहीतरी बोलायची. काय बोलायची ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. "बाजाराच्या दिवशी गर्दी असते. बाकीचे दिवस मी एकटीच असते दुकानात." एवढंच. कोणी मारलं, का मारलं, काही नाही.

गल्ल्याखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात रुमालाच्या गाठोड्या, कापडी पिशव्या, एक बोरमाळ, कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला. खुरपणीच्या मजुरीतून मागे टाकलेले, अंडी विकून जमवलेले पैसे. कुठलं कुणाचं ते मावशीच्या डोक्यात, कागदावर काही नाही. एकदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लोकांचं आहे. लागेल तेव्हा नेतील."

मी पुढे शहरात आले, नोकरी केली, आणि आता एका समुपदेशन केंद्रात काही दुपारी बसते. तिथं येणाऱ्या बऱ्याच जणींच्या हातात बांगड्या नसतात. घड्याळ असतं, एखादं कडं असतं. वळही क्वचितच दिसतात. मनगट सोडून बघायला मला तिथं शिकावं लागलं.

पहिल्यांदा मी समोरच्या बाईचा फोन बघते. तो टेबलावर पालथा ठेवलेला असतो आणि दर थोड्या वेळानं थरथरतो. तो थरथरला की तिचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. ती उचलते तेव्हा आवाज बदलतो, हसरा होतो, आणि पलीकडून जे विचारलं जातं ते मला तिच्या उत्तरांवरून कळतं. कुठे आहेस, कोण आहे सोबत, कॅमेरा फिरव बघू. चहा घेणार का, इतक्या साध्या प्रश्नालाही ती आधी घड्याळाकडे बघते. पगार मिळवते, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, आणि रिक्षाच्या वीस रुपयांचा हिशेब रात्री द्यायचा असतो. मैत्रिणींबद्दल विचारलं तर गप्प होते. एक मैत्रीण वळणाची नाही म्हणून सुटली. भावाचा पैशावर डोळा आहे म्हणून त्याच्याकडे जाणं सुटलं. माहेरी गेलीस की बिघडून येतेस, म्हणून माहेर सणावारापुरतं उरलं आणि मग तेही नाही. कुणी एकदम तोडलेलं नसतं. एकेक धागा इतक्या सावकाश काढलेला असतो की तिच्या भोवती कोणी उरलं नाही हे तिलाही उशिरा उमगतं.

सुरुवातीला यातलं काहीच वाईट दिसत नाही. पोचलीस का, फोन कर. एकटी नको जाऊ, मी सोडतो. तो ड्रेस नको, लोक बघतात. नव्या लग्नात, नव्या प्रेमात हे सगळं ऐकायला गोड लागतं, आणि तिच्या आईलाही वाटतं की जावई किती जीव लावतो. काळजी कुठली आणि ताबा कुठला हे ओळखायला मला एकच जागा ठाऊक आहे. ती "नाही" म्हणाली की पुढे काय होतं? काळजी करणारा माणूस खट्टू होतो, कधी भांडतोही, पण तिचं "नाही" तिथं शिल्लक राहतं. दुसऱ्या घरात त्या "नाही"ची किंमत मोजावी लागते. अबोल्यानं, पैसे बंद करून, मुलांसमोर अपमान करून, आणि मग हातानं. पुढे पुढे ती "नाही" म्हणणंच सोडून देते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती गोडीनं राहतात दोघं.

"राग अनावर होतो हो त्याला, मनानं वाईट नाही." हे वाक्य सासू बोलते, आई बोलते, कधी ती स्वतः बोलते. मी आता त्यावर न चिडता एक विचारते. साहेबावर अनावर होतो का? सिग्नलला अडवणाऱ्या पोलिसावर? तो नोकरीत, सोसायटीत, भजनी मंडळात, सगळीकडे राग आवरतो. घरातही तो पाठीवर मारतो, पोटावर मारतो, केसांत बोटं घालून डोकं भिंतीवर आपटतो, म्हणजे ब्लाउजच्या बाहीखाली काही दिसणार नाही. ज्याला जागा निवडता येते त्याचा राग अनावर नसतो. हे बोलल्यावर समोरची बाई बराच वेळ गप्प बसते. तिनं ती गोष्ट अंगावर भोगलेली असते, पण अशी कधी मांडून पाहिलेली नसते.

आणि मग गजऱ्याचे दिवस येतात. मारल्यानंतरचे. तो रडतो, पाया पडतो, मुलांना बागेत नेतो, बाहेर जेवायला नेतो. त्या दिवसांना खोटं म्हणायची घाई आपण करू नये. तिच्यासाठी ते खरे असतात, त्याच माणसाशी तिनं लग्न केलेलं असतं आणि तो माणूस परत येईल म्हणून ती थांबलेली असते. तिला भोळी किंवा मूर्ख ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं नसतं.

एक खूण मात्र अशी आहे की ती कळली तर क्षणभरही थांबू नये. आवाज बसलेला, घोगरा. सर्दी नाही, खोकला नाही, पण गिळताना दुखतंय. डोळ्यांच्या पांढऱ्यात बारीक लाल ठिपके. "त्यानं गळा धरला होता, पण लगेच सोडला." गळा दाबल्याच्या खुणा बाहेरून कित्येकदा काहीच दिसत नाहीत आणि आतली इजा पुढच्या काही दिवसांत जिवावर बेतू शकते, म्हणून अशा वेळी आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. हा विषय अभ्यासणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की ज्या पुरुषानं एकदा बायकोचा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे तिचा खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. थप्पड मोजून मारता येते. गळ्यावर हात ठेवणारा तिला सांगत असतो की तुझा श्वास माझ्या मुठीत आहे. माझ्यासमोर बसून जेव्हा कोणी गळ्याचा उल्लेख जाता जाता करते, तेव्हा मी तिचं पुढचं बोलणं थांबवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी देशात २९ टक्क्यांहून अधिक आणि महाराष्ट्रात २५ टक्क्यांच्या आसपास जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आपल्या राज्यात चौघींत एक. हळदीकुंकवाच्या ओळीत, लोकलच्या डब्यात, शाळेच्या पालकसभेत मी आता नकळत चारात मोजते. पण मला त्याहून जड वाटतो तो दुसरा आकडा. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त जणींनी ती गोष्ट कधीच कुणाला सांगितली नव्हती, आणि मदत मागितलेल्या होत्या अवघ्या १४ टक्के. त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांना काही ना काही कारणानं नवऱ्यानं मारणं योग्य वाटत होतं. कारणं कुठली, तर न सांगता बाहेर जाणं, उलट बोलणं, स्वयंपाक बिघडणं, सासू-सासऱ्यांचा मान न राखणं. पुरुषांचा आकडा जवळजवळ तेवढाच, ४४. ज्या घरात आईलाच हे रास्त वाटतं, त्या घरची लेक कुणाकडे तोंड उघडणार?

तरी बाया पूर्वीपासून बोलत आल्या आहेत. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून बोलल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आहेत, आणि सासुरवासही आहे. घरातली माणसं निजलेली असताना, दगडाच्या घरघरीत आपला आवाज मिसळून त्यांनी ते गायलं. ओवी ऐकून शेजारीण उठून आली असेल का, हा विचार मला सोडत नाही. आली असेल तर ती जात्याच्या खुंट्याला हात लावायला आली असेल. दोघींनी मिळून दळलं असेल. तेही कमी नाही.

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोन तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी शहर हादरलं होतं. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. त्यांत तिनं आपली घुसमट सांगितली होती. ती पत्रं पुढे खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपी नवऱ्याला निर्दोष सोडलं, आणि परिस्थितीजन्य पुरावा कसा जोखावा यासाठी तो निकाल आजही वकील वाचतात. मी तो कायद्यासाठी वाचला नाही. मी त्या पत्रांपाशी थांबले. चार महिन्यांचा संसार, आणि जवळच्यांना सांगावंसं वाटलं ते तिनं लिहून ठेवलं होतं. त्याच अस्वस्थतेतून पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन मांडलं. प्रदर्शन बघायला आलेल्या बाया तिथंच उभ्या राहून आपली कहाणी सांगायला लागल्या. त्यांच्यासाठी मग एक जागा झाली, तिचं नाव 'बोलते व्हा'. मला त्या कामातली ही पायरी फार मोलाची वाटते. आधी ऐकणारं कोणीतरी उभं राहिलं, मग बाया बोलल्या.

ऐकणं ही गोष्ट सोपी वाटते, पण आपण ते फार वाईट करतो. समोरची दोन वाक्यं बोलते न बोलते तोच आपण विचारतो, "मग सोडून का देत नाहीस?" या प्रश्नानं दोष उचलून तिच्या पदरात टाकला जातो. ती का जात नाही याची कारणं तिच्याकडे हवी तेवढी असतात. मुलांच्या शाळा, घरभाडं, धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, मुलं काढून घेईन ही धमकी. आणि एक कारण असं असतं की ते आपल्या ध्यानातही येत नाही. ती निघायला लागते तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. ताबा सुटतोय हे कळलेला माणूस त्या आठवड्यात काय करील ते तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून तिच्या भीतीवर विश्वास ठेवावा. ती भीती अनुभवातून आलेली असते.

मी तिला सांगते, तुझं मला खरं वाटतं. यात तुझी चूक नाही. आता तुला काय हवंय? या प्रश्नावर कित्येक जणी रडतात, कारण तो त्यांना वर्षानुवर्षं कोणी विचारलेला नसतो. तिचं उत्तर आपल्याला आवडेलच असं नाही. कधी तिला तक्रार नको असते, नुसतं बोलायचं असतं. कधी ती परत जाते. परत जाणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो त्यावर ती पुन्हा आपल्याकडे येईल की नाही हे ठरतं. त्याला मनसोक्त शिव्या घातल्या तर पुढच्या वेळी तिला आपल्यासमोर यायची लाज वाटते. "ये गं, केव्हाही ये" एवढं म्हणून तिला रिक्षापर्यंत सोडायला जाणं, हे मी शिकत आले आहे आणि दर वेळी ते मला तितकंच जड जातं.

घरच्यांनी एक गोष्ट कधीही करू नये. तावातावानं जाऊन त्याला जाब विचारू नये. जाब विचारून भाऊ रात्रीच्या गाडीनं घरी परततो, आणि दार आतून लागल्यावर त्या जाबाचं उत्तर तिला द्यावं लागतं.

माहेराबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तिथं फार मोठं पाप घडतं आणि ते प्रेमानं घडतं. मुलगी सुजलेला चेहरा घेऊन येते. आई हळद-दूध देते, वडील अंगणात फेऱ्या मारतात. चार दिवसांनी दोन्हीकडची चार मोठी माणसं बैठकीला बसतात. जावई मान खाली घालतो, सासऱ्याच्या पायाला हात लावतो, कोणीतरी "दोन्ही हातांनी टाळी वाजते" म्हणतं, पेढे वाटले जातात, आणि वडील स्वतः तिला नांदायला सोडून येतात. परतीच्या वाटेवर त्यांच्याही डोळ्यांत पाणी असतं, हे मला माहीत आहे. पण त्या मुलीला त्या दिवशी जे कळतं ते असं की आता मागं कोणी नाही. पुढची मारहाण ती कळवत नाही. "तुझी खोली आहे, किल्ली तुझ्याकडे ठेव" असं म्हणणारे बाप मी पाहिले आहेत. थोडे आहेत, पण आहेत. एका बापानं खरंच किल्ली करून दिली. ती मुलगी अजून सासरी आहे, आणि तिचा नवरा तिच्या अंगाला हात लावत नाही, कारण ती कधीही निघू शकते हे त्याला ठाऊक आहे. सगळीकडे असं होत नाही. किल्ली तरी सगळ्या बापांना देता येते.

ज्यांना निघायचंय त्यांच्यासोबत आम्ही बारीकसारीक गोष्टी ठरवतो. फोन तपासला जातो, म्हणून व्हॉट्सअॅपवर काही लिहायचं नाही. मैत्रिणीशी एक साधं वाक्य ठरवून ठेवायचं. "भिशीचे पैसे कधी देऊ?" असं तिनं विचारलं की समोरचीनं पोलिसांना ११२ वर फोन लावायचा. भांडण चढायला लागलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथं सुऱ्या असतात, गॅस असतो. मुलांना शेजारच्या कुठल्या दारात पळायचं ते शिकवून ठेवायचं. आधार, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, लग्नाची पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती दुसरीकडे हव्यात. दवाखान्यात गेली तर केसपेपरवर "पडल्यामुळे" असं न लिहिता "नवऱ्यानं मारल्यामुळे" असं लिहून घ्यायचं, तो कागद पुढे फार कामाला येतो. केंद्रातल्या एका कपाटात अशा प्रतींची पाकिटं आहेत. मावशीच्या पेटीची आठवण मला त्या कपाटापाशी येते, आणि मग मी पाकिटांवर नीट नावं आहेत ना ते पुन्हा बघून घेते.

कायदा आता तिच्या बाजूला बराच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा अधिनियम २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. मारहाणीसोबत लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, अपमान आणि पैशाची कोंडी यांनाही त्यानं हिंसा म्हटलं. तो फक्त बायकोचा कायदा नाही. मुलाचा मार खाणारी म्हातारी आई, भावानं घराबाहेर काढलेली बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी स्त्री, सगळ्या त्यात येतात. ज्या घरात ती नांदली तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्या का नावावर असेना. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सासऱ्याच्या नावावरच्या घरातही तो हक्क लागू होऊ शकतो असं स्पष्ट केलं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्त्रीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिनेच्या महिने जातात, आणि त्या महिन्यांत तिच्यासोबत कोण आहे याच्यावर सगळं अवलंबून असतं.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, म्हणजे पोलिसांच्या दारात गेलेल्या बाईला आधी समाजकार्यकर्ती भेटावी. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं 'दिलासा' सुरू केलं. तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर जखमेवर टाके घालता घालता विचारायला शिकले. घरी काही त्रास आहे का? कुणी मारलं का? बाई आपणहून सांगायला येईल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा, ती जिथं येतेच तिथं तिला विचारायचं. दवाखान्यात ती येतेच. अंगणवाडीत येते, पार्लरमध्ये येते, ब्लाउजचं माप द्यायला येते. शिंपिणीला, पार्लरवालीला, पोळ्या करणाऱ्या बाईला जे दिसतं ते सख्ख्या बहिणीलाही दिसत नाही.

शेजाऱ्यांना तर सगळं ऐकूच येतं. फ्लॅटच्या भिंती किती जाड असतात? २००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची मोहीम आली होती, 'ब्रेकथ्रू' या संस्थेची. तिच्या एका जाहिरातीत पलीकडून मारल्याचे आवाज येत असताना खेळणारी मुलं जाऊन बेल दाबतात आणि चेंडू मागतात. मारणारा हात तेवढ्यापुरता थांबतो आणि त्याला कळतं की बाहेर ऐकू जातंय. वाटी घेऊन साखर मागायला जाता येतं, पाणी गेलंय का विचारता येतं. आत जीव धोक्यात आहे असं वाटलं तर बेलपाशी न थांबता ११२ लावावा. "दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं सांगायचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी २००५ च्या त्या कायद्याचं चौथं कलम आहे. हिंसा होते आहे असं वाटण्याचं कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवलं असेल तर त्याच्यावर कुठलीही कारवाई होत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिच्यावर शेजारणीलाही बोलता येतं.

सध्या माझ्याकडे एक जण येते आहे. तिच्या खुणा मी इथं बदलल्या आहेत. हिशेबाचं काम करते, दोन मुलं आहेत. दात दुखतोय असं घरी सांगून ती पहिल्यांदा आली. त्या दिवशी तिनं काही सांगितलं नाही, फक्त आमचे वार आणि वेळा विचारून गेली. नंतर आली तेव्हा अर्धा तास नवऱ्याच्या चांगुलपणाबद्दल बोलली. मग बरेच दिवस आलीच नाही. एकदा रात्री मिस्ड कॉल आला, मी उलट फोन लावला नाही, कारण तिनं तसं बजावून ठेवलं होतं. सकाळी तिनं ऑफिसच्या फोनवरून सांगितलं की ती बाहेर पडली आहे, मुलं सोबत आहेत, भावाकडे आहे. त्यानंतर ती परत गेली. भावाकडे जागा नव्हती, धाकट्याची परीक्षा होती. मी तिला काही बोलले नाही. पुढच्या खेपेस ती आली ती कागदांची पिशवी घेऊनच, आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "अर्ज कसा करायचा ते सांगा."

अर्ज झाला आहे. संरक्षण अधिकारी बाईंनी अहवाल दिला आहे. मंगळवारी तारीख आहे. न्यायालयातल्या लाकडी बाकांवर दोन्ही पक्षांना जवळजवळच बसावं लागतं, आणि तो तिथं असणार, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, वकिलांशी अदबीनं बोलत. तिनं मला विचारलं, तो मुलांबद्दल बोलायला लागला तर मी काय करू? मी सांगितलं, काही बोलू नकोस, वकीलबाईंकडे बघ. डबा बरोबर घ्यायचा आहे, कारण नाव कधी पुकारलं जाईल याचा नेम नसतो. भाऊ मुलांना शाळेतून आणणार आहे. बाकावर मी तिच्या आणि त्याच्या मध्ये बसायचं, असं तिनंच ठरवलं आहे.